कोणत्या भाषेला ‘स्कोप’ आहे?



परदेशी भाषांवर बोला, असं निमंत्रण आलं तेव्हा मी विचारलं, नेमकं कशावर? वाचनालयाचे कार्यवाह मोकळेपणानं म्हणाले, “सर, दहावी-बारावीच्या मुलांचे पालक येणार आहेत. कोणत्या भाषेला स्कोप आहे तेवढं सांगा, बाकी तुमचं तुम्ही बघा.” माझा उमेदीचा काळ जर्मन शिकवण्यात गेला. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, रेल्वेच्या डब्यात विचारला गेलाय, आणि एकदा दाढ काढता काढता दंतवैद्यानंही विचारलाय. तोंड उघडं असल्यामुळे तेव्हा उत्तर द्यावं लागलं नाही, याचा मला आनंदच झाला.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावाला संस्कृत शिकवलं. त्यांना कुणी स्कोप विचारला असता तर ते काय म्हणाले असते, हे त्यांचे विद्यार्थी समोर बसले आहेत, ते मला चहाच्या वेळी सांगतीलच. मी माझं उत्तर देतो. ते जरा लांबून येणारं आहे.

पहिली अडचण अशी की मागणी आजची असते आणि भाषा यायला वर्षं लागतात. आज ज्या भाषेच्या नोकऱ्या दिसतात ती शिकायला आपण आज बसतो, आणि ती हाताशी येईपर्यंत बाजार भलतीकडेच गेलेला असतो. साठीच्या पुढच्या मंडळींना रशियनचे दिवस आठवत असतील. १९५८ साली पवईला आयआयटी सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीच्या बळावर. यंत्रं तिकडची, तज्ज्ञ तिकडचे. साठच्या दशकात नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. यंत्रांबरोबर रशियनमधली कागदपत्रं आली आणि ती वाचून समजावणारी माणसं लागू लागली. अण्णा भाऊ साठे १९६१ साली तिकडे जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. मॉस्कोत छापलेली, चांगल्या बांधणीची मराठी पुस्तकं आपल्याकडे किरकोळ किमतीत मिळत. कितीतरी मुलांचं पहिलं रंगीत पुस्तक रशियन गोष्टींचं होतं. त्या काळात पुण्या-मुंबईत रशियनचा वर्ग लावणारा तरुण स्वप्नाळू वगैरे नव्हता, चांगला हिशेबी होता. दुभाष्याचं काम, शिष्यवृत्ती, जमलं तर मॉस्कोच्या प्रकाशनगृहात अनुवादकाची जागा. सगळं कागदावर बरोबर होतं.

१९९१च्या डिसेंबरात तो देशच उरला नाही.

१९८६ साली पूर्ण विचार करून रशियन घेतलेल्या त्या तरुणाचं काय चुकलं? काहीच नाही. ज्या गोष्टीवर त्यानं हिशेब मांडला ती त्याच्या हातातली नव्हती, इतकंच. पण त्याच वर्गात त्याच्या शेजारी बसलेला, टॉलस्टॉय मुळातून वाचायचाय म्हणून आलेला एखादा होता, त्याचं १९९२ सालीही काही बिघडलं नाही. चेकॉव्ह जागच्या जागी होता. इंग्रजीच्या आधाराशिवाय थेट रशियनमधून पुस्तकं मराठीत आणणारी जी थोडी माणसं आपल्याकडे झाली आणि आहेत, ती बहुतेक या दुसऱ्या बाकावरची.

चिनीचं तेच. २०१९ साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा मसुदा आला. शाळेत शिकवता येतील अशा परदेशी भाषांची उदाहरणं देताना त्यात फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीबरोबर चिनी होती. जुलै २०२०मध्ये पक्कं धोरण जाहीर झालं, त्यात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन अशी नावं होती. चिनी नव्हती. त्याच्या आदल्याच महिन्यात गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली होती. आता मला सांगा, चिनी बोलणारी माणसं त्या महिन्याभरात कमी झाली का? माझं मत विचाराल तर ज्या शेजाऱ्याशी आपलं वाकडं आहे त्याची भाषा जाणणारी माणसं आपल्याकडे जास्त हवीत. मित्राचं म्हणणं इंग्रजीतूनही कळतं. न पटणाऱ्याचं त्याच्या भाषेत वाचावं लागतं.

म्हणजे पोटासाठी भाषा शिकू नये, असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. असं म्हणणाऱ्यांचं पोट बहुधा भरलेलं असतं. आज जर्मन आणि जपानीची चलती आहे, ती हवेतली नाही. दोन्ही देश म्हातारे होत चाललेत, तिथे काम करायला हात कमी पडतायत. जपाननं २०१९ साली विशिष्ट कौशल्यांच्या कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला आणि २०२१च्या जानेवारीत भारताशी त्याबाबत करार केला. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला आणि १० हजार कुशल तरुण पाठवण्याची गोष्ट सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला २० हजार व्हिसांची मर्यादा ९० हजारांवर नेली. एखादी परिचारिका, एखादा वायरमन अशा भाषेच्या जोरावर घराचं भलं करू बघत असेल तर त्याला मी कांट-हेगेलचं कौतुक सांगायला जाणार नाही. फक्त हिशेब पुरता मांडा, एवढंच म्हणेन.

हिशेब असा. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात, ए-१ पासून सी-२ पर्यंत. ए-१ म्हणजे नाव-गाव, भाजी-भाकरी, घड्याळातली वेळ. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता हवी तर साधारण बी-२ लागते, ती चौथी पायरी. तिथवर पोचायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका धरतात. आपल्याकडे नोकरदार मुलं शनिवार-रविवार दीड-दीड तासाचा वर्ग लावतात, म्हणजे आठवड्याला चार तासिका. सण, परीक्षा, लग्नं वजा जाता वर्षाला चाळीस आठवडे धरा. १६० तासिका होतात. या चालीनं बी-२ यायला चार ते पाच वर्षं लागतील, आणि तेही मधल्या काळात काही विसरलं नाही तर. रोज चार-पाच तासिकांचा वर्ग केला आणि घरीही तेवढाच अभ्यास केला तर वर्षभरात जमतं, पण मग तेवढ्या काळात दुसरं काही करता येत नाही. हे कुणी जाहिरातीत छापत नाही.

आणि बी-२ची परीक्षा पास झाली तरी गंमत पुढेच असते. बाडेन-व्युर्टेम्बर्गमधली म्हातारी माणसं श्वेबिश नाहीतर आलेमानिश बोली बोलतात. ती बर्लिनच्या जर्मन माणसालासुद्धा पटकन उलगडत नाही. अशा एखाद्या आजीबाई रात्री तीन वाजता कवळी काढलेल्या तोंडानं काहीतरी पुटपुटणार. ते आपल्या सांगलीच्या पोरीला समजलं पाहिजे, आणि सकाळी पाळी बदलताना तिला ते नीट लिहूनही देता आलं पाहिजे. मी हे घाबरवायला सांगत नाही. करणाऱ्या मुली हे करतात, फार चांगलं करतात. पण त्यांना जर्मन ‘येते’ ती त्या कामापुरती आणि त्या माणसांपुरती, आणि ते त्यांनी आधी ठरवलेलं असतं.

याच्या उलट टोकाला अकरावी-बारावीत ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतलेली भाषा. मराठीत सत्तर पडतात, जर्मनमध्ये पंच्याण्णव, म्हणून जर्मन. त्या जर्मनचं शेवटचं वाक्य परीक्षेच्या हॉलमध्येच राहतं. या मुलांना मी दोष देत नाही, टक्क्यांच्या व्यवहारात ती शहाणी ठरतात. पण पालकांनी त्याला परदेशी भाषा शिकणं म्हणू नये.

आणखी एक गोष्ट पालक नेहमी विचारतात, सोपी कोणती? इथे आपण दुसऱ्याचं माप वापरतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते आणि किती तास लागतात याचा अंदाज देते. फ्रेंच, स्पॅनिशला सहा-सातशे तास, जर्मनला थोडे जास्त, रशियन आणि हिंदीला साधारण ११००, आणि अरबी, चिनी, जपानी, कोरियनला २२००. ही यादी आपल्याकडे सर्रास फिरते आणि आपण मान डोलावतो. अहो, पण हे इंग्रजी बोलणाऱ्याचे कष्ट आहेत! त्या यादीत हिंदी रशियनच्या पंगतीला बसलीय, यावरूनच ओळखावं की ही यादी आपली नाही.

मराठी माणसाची यादी वेगळी लागेल. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आपल्यासारखंच. ‘वर, मध्ये, पासून’ हे शब्द नामाच्या मागून येतात, आपल्यासारखेच. समोरचा कोण आहे त्यावर बोलण्याची तऱ्हा बदलते, हे आपल्याला समजवावं लागत नाही. पुण्यातली मुलं जपानी बोलायला पटकन लागतात यात या गोष्टींचा मोठा वाटा असावा. अडतं ते कांजीपाशी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांपाशी. तिथली नेहमीच्या वापराची सरकारी यादीच २१३६ चिन्हांची आहे, आणि तिथे मराठी असण्याचा काडीचा उपयोग नाही. जर्मनच्या तीन लिंगांनी इंग्रज विद्यार्थी रडकुंडीला येतो. आपण तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल म्हणत मोठे झालेलो असतो; निर्जीव वस्तूला लिंग का, हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. पाठांतर करावंच लागतं, पण धक्का बसत नाही. फारसीत तर लिंगभेदच नाही, क्रियापद शेवटी, आणि कितीतरी शब्द आपल्या कचेरीतले आणि घरातले. लिपी तेवढी उजवीकडून. असं असून फारसीचा वर्ग कुठे आहे, असं या सभागृहात विचारलं तर किती हात वर होतील?

फारसीकडे परत येतोच. त्याआधी एका माणसाची हकीकत सांगतो, कारण भाषेची निवड कशी करावी याचा याहून चांगला नमुना मला मराठीत दिसलेला नाही.

धर्मानंद कोसंबी १८७६ साली गोव्यात साखवाळला जन्मले. शिक्षण जेमतेम, प्रकृती तोळामासा, घरी नारळीच्या बागेचं काम. राज्य पोर्तुगिजांचं, सरकारी भाषा पोर्तुगीज. स्कोप पाहिला असता तर ती शिकून कचेरीत चिकटणं हा सरळ रस्ता होता, आणि शेजारी मुंबई इलाख्यात इंग्रजीचा त्याहून रुंद. या माणसाच्या हाती ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकातलं बुद्धाचं छोटंसं चरित्र पडलं. एवढंच निमित्त. बुद्ध काय म्हणाला ते आपल्याला नीट कळलं पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं.

यानंतरची त्यांची प्रत्येक भाषा त्या एका गरजेतून आलेली आहे. १८९९च्या अखेरीला घर सोडून ते पुण्याला आले. आधी संस्कृत पाहिजे असं ठरलं. पुण्याहून ग्वाल्हेर, तिथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि व्याकरण घोकायचं. संस्कृत आली. पण बुद्धाचे मूळ ग्रंथ पालीत, आणि पाली त्या वेळी महाराष्ट्रातच काय, हिंदुस्थानात शिकवणारं फारसं कुणी नव्हतं. बुद्धाच्या देशात तरी काही सापडेल म्हणून नेपाळला गेले, तिथे निराशा. मग बुद्धगया, कलकत्ता आणि १९०२ साली सिलोन. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी ते पाली शिकले, श्रामणेर म्हणजे नवदीक्षित भिक्षू झाले. तिथे ग्रंथ सिंहली लिपीत होते, म्हणून ती लिपी. पुढे ब्रह्मदेशात गेले, तिथे तेच ग्रंथ ब्रह्मी लोकांच्या लिपीत, म्हणून ती. पाश्चात्त्य पंडितांनी पालीवर काय केलंय ते पाहायचं तर इंग्रजी पाहिजे, म्हणून मोठ्या वयात इंग्रजी. कोणतीही भाषा त्यांनी तिच्यासाठी म्हणून घेतलेली दिसत नाही. पुढचं दार ज्या किल्लीनं उघडेल ती किल्ली घ्यायची, इतका साधा मामला. ‘निवेदन’ हे त्यांचं आत्मचरित्र आहे, या वाचनालयात असेलच. नसेल तर आणवा.

आणि स्कोपवाल्यांनी हेही ऐकावं. काही वर्षांत हा नारळीच्या बागेतला माणूस कलकत्त्यात पाली शिकवत होता. १९१० साली हार्वर्डला गेला. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकानं ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची आवृत्ती अर्धवट ठेवून देह ठेवला होता, ती पुरी करायला हार्वर्डला कोसंबींसारखा माणूस दुसरा मिळेना. ती आवृत्ती अखेर १९५० साली हार्वर्डच्या मालेत छापून निघाली, तोवर कोसंबीही गेले होते. मधल्या काळात फर्ग्युसन कॉलेजात पालीचे वर्ग, १९२९ साली लेनिनग्राडला पालीसाठीच बोलावणं. जिला बाजारात काडीची मागणी नव्हती त्या भाषेनं त्यांना दोन खंड दाखवले. हे सगळ्यांचं होतं असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. कोसंबींना कष्टही तसेच पडले आणि घरच्यांना त्याहून जास्त. पण त्यांच्या निवडीत एक पक्केपणा होता. हवी असलेली गोष्ट आधी, भाषा नंतर.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. संस्कृत त्यांना जिभेवर होती, बाकी देशी भाषाही अनेक. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो बायकांचा संसार चालवता चालवता, वयाची चाळिशी उलटल्यावर, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. कारण असं की मराठी बायबल त्यांना फार पंडिती वाटत होतं. आश्रमातल्या साध्या बाईला कळेल असं हवं होतं, आणि तेही इंग्रजीवरून केलेलं नको, मुळावरून. १९२२ साली त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. छपाईसुद्धा आश्रमातल्या बायकांनीच केली. टिळकांनी मंडालेत असताना पुस्तकांवरून जर्मन आणि फ्रेंच शिकून घेतली ती वाचण्यापुरती. तुरुंगात बोलायला कोण होतं! पण तिथेही हेच दिसतं: किती आणि कशापुरती, हे ठरलेलं. वाचायचंच आहे तर उच्चारावर वर्ष घालवायला नको. भाव करायचाय तर विभक्तीच्या तक्त्यांवर नको. आपल्याकडे सगळे वर्ग सगळ्यांना एकाच रुळावरून नेतात आणि निम्मे प्रवासी मधल्या स्टेशनावर उतरून जातात.

इथवर मी निवड निवड म्हणत आलो. पण निवड करायला मिळते कुणाला? एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत घ्यायची होती. जातीमुळे ती शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. फारसी ही त्यांची निवड नव्हती, ते दार बंद झाल्यामुळे उरलेली जागा होती. तरी ती त्यांनी उत्तम केली, बी.ए.लाही ठेवली. नाकारलेली संस्कृत पुढे स्वतःच शिकले. १९२१ साली बॉन विद्यापीठात प्रवेश मागताना त्यांनी पत्र जर्मनमध्ये लिहिलं. आणि उत्तर आयुष्यात, बौद्ध धम्माकडे वळताना, पाली. त्यांचं पालीचं व्याकरण आणि कोशाचं काम महाराष्ट्र शासनानं त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापलं आहे. पाली शब्दांना इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती अर्थ दिलेले आहेत. म्हणजे हा कोश कुणाच्या हाती पडावा हे त्यांच्या डोळ्यांपुढे स्पष्ट होतं.

आज वर्गातून कुणी कुणाला उठवत नाही. पण चांगले वर्ग पुण्या-मुंबईत आणि फी तिथल्या खिशाला परवडेल अशी, हेही एक बंद दारच आहे. ऑनलाइन वर्गांनी ते थोडं किलकिलं झालंय. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं आखाती देशांत कामाला जातात. तिथल्या अनेक मुसलमान घरांत मुलांना कुराणपठणामुळे अरबी लिपी लहानपणीच वाचता येते. त्यावर आजची बोलण्या-लिहिण्याची अरबी शिकवणारा वर्ग जिल्ह्याच्या गावी काढला तर मजूर म्हणून जाणारा मुलगा मुकादम, कारकून, दुभाषी म्हणून जाऊ शकेल. याच्यावर कुणी करार करत नाही, परिषदा भरवत नाही.

आता मला खरं जे बोलायचंय ते. एका मुलानं कोणती भाषा घ्यावी हा एक हिशेब, आणि एका समाजाला कोणत्या भाषा यायला हव्यात हा दुसरा. पहिला आपण घराघरांत मांडतो. दुसरा कुणीच मांडत नाही, तो बाजारावर सोडून दिलाय. आणि बाजाराला शिवकालात रस नाही.

ज्या इतिहासावरून आपण रोज हमरीतुमरीवर येतो त्याची कितीतरी साधनं परभाषांत आहेत. मोगल दरबाराची अखबारं फारसीत. सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानात मुलकी अधिकारी होते. नोकरी सांभाळून त्यांनी मोगलकाळातले फारसी ग्रंथ आणि बातमीपत्रं मराठीत आणली. हेच गृहस्थ आदिलाबादच्या जंगलपट्टीत गेले तेव्हा गोंडी आणि कोलामी शिकून त्यांची व्याकरणं लिहून मोकळे झाले. ग. ह. खरे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळातून फारसी कागदांचे खंड काढले. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या अभिलेखागारात हयात घालवली. लिस्बनशी जहाजांतून चालणाऱ्या पत्रव्यवहाराचे खंड त्यांनी पालथे घातले म्हणून ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ आपल्याला मराठीत वाचता येतं. या माणसांच्या जागी आज कोण बसलंय? चार-दोन नावं मीही सांगेन, आणि तिथेच थांबेन.

पोर्तुगीजची तर नुसती इतिहासाला गरज आहे असंही नाही. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा गोव्यात आजही लागू आहे. तिचं अधिकृत इंग्रजी भाषांतर २०१८ साली आलं. जुनी खरेदीखतं, वाटण्या, कोमुनिदादींची म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनींच्या संस्थांची दप्तरं पोर्तुगीजमध्ये. ज्याची वडिलोपार्जित जमीन तंट्यात आहे त्याला विचारा, ही भाषा वाचणारा वकील केवढ्याला पडतो. हाही स्कोपच आहे की. फक्त तो जाहिरातीत दिसत नाही.

आणि डच. वेंगुर्ल्याला डचांच्या वखारीची पडकी वास्तू अजून उभी आहे. तुमच्यातले अनेक जण मालवणला जाता-येता ती पाहून आले असतील. त्या वखारीतले लोक सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या हालचालींची खबर वरिष्ठांना कळवत होते. डच ईस्ट इंडिया कंपनीचे कागद हेग, जाकार्ता, कोलंबो, चेन्नई, केपटाऊन इथे मिळून अडीच कोटी पानांच्या घरात आहेत, आणि युनेस्कोनं २००३ साली त्यांना जागतिक स्मृतिठेव्यात जागा दिली. त्यातलं आपल्याविषयीचं काय काय आहे ते मुळातून वाचू शकणारी मराठी माणसं बोटांवर मोजायलाही कष्ट पडतील. आपण शंभर वर्षांपूर्वी झालेल्या इंग्रजी भाषांतरांवर भागवतो, नि त्यातल्या वाक्यांवरून भांडतो.

आता गंमत पाहा. जर्मन आणि डच सख्ख्या चुलत बहिणी. बी-२पर्यंत जर्मन आलेल्या मुलाला छापील डच वाचायला फार तर वर्ष लागेल, असं माझ्या अनुभवावरून सांगतो. सतराव्या शतकातलं हस्ताक्षर लावणं हे वेगळं काम, पण मोडी शिकलेल्याला त्या कामाची भीती नसते. आणि महाराष्ट्रात जर्मन शिकणारे आज हजारोंनी आहेत. त्या हजारांतून आपल्याला पाच हवेत. जर्मनीत स्टुटगार्टला सगळे जाऊ देत, त्यांचं बरं होवो. पाच जण हेगला गेले पाहिजेत. फारसीसाठी असेच पाच, पोर्तुगीजसाठी पाच. पंधरा माणसं. एवढ्यांत एका पिढीचं काम निघतं.

ही पंधरा माणसं हौसेवर जगणार नाहीत. कोसंबींना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षं दरमहा ५० रुपये दिले, आणि अट एवढीच घातली की महाराष्ट्रात कुठेही राहावं आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावं. कोसंबींनी कलकत्त्याची त्याहून जास्त पगाराची नोकरी सोडून हे ५० रुपये पत्करले, आणि पाली महाराष्ट्रात आली. त्या व्यवहारात काही गूढ नव्हतं. दरमहा ठरलेली रक्कम, तीन वर्षं, वर्षाला एक मराठी पुस्तक.

समोर सहकारी बँकेचे संचालक बसले आहेत, दोन साखर कारखान्यांचे पदाधिकारी आहेत, शिक्षणसंस्थेचे विश्वस्त आहेत. शिवजयंतीच्या मिरवणुकीवर एका गावाचा एका दिवसात किती खर्च होतो हे मला तुम्हीच सांगाल. माझी सूचना फक्त एका माणसापुरती आहे. जर्मन बी-२ झालेला, मोडी वाचता येणारा किंवा शिकायची तयारी असलेला, जिल्ह्यातला एक मुलगा किंवा एक मुलगी शोधा. पहिलं वर्ष डचसाठी, दुसरं हस्ताक्षरासाठी, तिसरं हेगला राहण्यासाठी. एका प्राध्यापकाच्या तीन वर्षांच्या पगाराहून हे कमीच बसेल. वयाची अट नको, गुणांची नको. अर्जाबरोबर उमेदवारानं एकच कागद जोडावा: डच आल्यावर पहिल्यांदा काय वाचणार, ते एका पानात, मराठीत.